लाल जर्सीचं आवतण

शुक्रवारी सरावाला एकही गडी फिरकला नाही, तेव्हाच भटूनानाच्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी धुळ्याचा संघ येणार, चार वाजता सामना, आणि मैदानावर कोण? तर पाटलाच्या दोन म्हशी! नाना गळ्यात शिट्टी अडकवून अर्धा तास उभा राहिला. एकदा जोरात वाजवली. म्हशींनीसुद्धा मान वर केली नाही.

आडखेडं हे चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव, सगळं केळीचं. असल्या गावात रग्बी आली कशी, हे लोक अजून विचारतात. चौदा वर्षांपूर्वी शाळेत खेळाचे एक मास्तर आले होते. केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणजे आपला भटूनाना. त्याच्या टोळीतली पोरं मास्तरांनी बघितली. खांद्यावर गादी, गादीवर पंचवीस-तीस किलोचा घड, आणि पाटाच्या चिखलातून थेट ट्रकपर्यंत धाव. पाय घसरला तर घसरला, पण घडाला ओरखडा नाही. मास्तर म्हणाले, "नाना, ही पोरं तर निम्मी शिकलेलीच आहेत." मग त्यांनी पपईच्या आकाराचा चेंडू आणला आणि सात गड्यांचा संघ उभा केला. पुढं मास्तरांची बदली झाली. पपई नानाच्या घरी राहिली. नाना स्वतः आयुष्यात एकदाही खेळला नाही, पण नियमांचं पुस्तक त्याला हनुमान चालिशीसारखं पाठ.

आडखेडे रग्बी मंडळ! हिरव्या बाह्यांच्या पिवळ्या जर्सी. जळगाव-धुळ्याच्या साखळीत बारा संघ, त्यात शहराबाहेरचा हा एकटा. आणि आता तोच बुडायला निघाला होता. मागच्या महिन्यात अमळनेरच्या सामन्याला पाचच जण पोहोचले. पंचांनी तिथंच बजावलं होतं, "पुन्हा सात गडी उभे राहिले नाहीत, तर यादीतून नाव कायमचं जाईल. मग माझ्या पाया पडू नका."

त्या दिवशी बाकीचे कुठं होते? जळगावात. टीव्हीसमोर बसून परदेशातल्या कुठल्याशा पोर्ट हॅलम नावाच्या रग्बी क्लबाचा सामना बघत होते. आणि त्यांना तिथं नेणारा कोण? कुंदन. नानाच्या सख्ख्या भावाचा, रुपचंदचा पोरगा. अकरा वर्षांचा असताना ज्याच्या हातात नानानं पहिल्यांदा तो चेंडू दिला, तोच. संघातला सगळ्यात चपळ गडी. जळगावात मोबाईलच्या दुकानात लागला, खेळ सोडला, आणि त्या पोर्ट हॅलमच्या चाहत्यांची 'खान्देश शाखा' काढून बसला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते उगाच नाही.

नाना तसाच मैदानावरून रुपचंदच्या अंगणात शिरला. अंगणात खोके फोडून ठेवलेले, आणि खोक्यांत लालभडक जर्सी. कुंदन मापं बघून गठ्ठे लावत होता.

"पोरं कोठे गयात?" नानानं विचारलं.

"कोणती पोरं?"

"माले इचारस, माले! रविवारी सामना शे, तुले माहीत नही?"

कुंदननं हातातली जर्सी झटकून घडी केली. "नाना, रविवारी क्लबाचा माणूस येतोय. कॅमेरा घेऊन. जगभरातून सहा शाखा निवडल्यात त्यांनी, त्यात आपली एक. चार वाजता सगळ्या गावाला लाल जर्सीत हॉलमध्ये बसवायचंय. सहाला त्यांचा सामना पडद्यावर. आडखेड्याचं नाव चाळीस देशांत जाईल."

"आडखेड्यानं नाव जाई का त्यासनं?"

"दोघांचं."

"त्या क्लबाच्या पंधरा गड्यांतला एक तरी तुझ्या ओट्यावर पाणी प्यायला येणार आहे का रे? तुझी आजी गेली तेव्हा तिरडीला खांदा कोणी दिला, आठवतंय? माझ्या संघानं. सातच्या सात जण होते."

कुंदननं हातातला गठ्ठा खाली ठेवला. पण तोही त्याच रक्ताचा, मागं हटणारा नव्हे. "खांद्याचं काय सांगता नाना! चौदा वर्षं तुमच्या संघात खेळून पोरांना मिळालं काय? मोडलेली दोन बोटं आणि वाटीभर भरीत. गाव तुमचा सामना बघायला येतं असं वाटतं तुम्हाला? गाव जेवायला येतं. या वर्षी आमच्याकडं जेवेल. चूलबंद दिलंय मी, कालच."

चूलबंद!

आडखेड्यात चूलबंद आवतण म्हणजे पोरखेळ नव्हे. घरातलं एक माणूस जेवायला या, असलं ते आवतण नसतं. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळं घर, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. यजमानानं स्वतः दारोदार फिरायचं, प्रत्येक उंबऱ्यावर अक्षत ठेवायची. एका दिवशी एकच चूलबंद, ज्याची अक्षत पहिली पडली त्याचं. धुळ्याच्या सामन्याच्या दिवशी ते दरवर्षी मंडळाचं असायचं. सामना झाला की गायरानात पंगत, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि पुऱ्या. अक्षत नाना शनिवारी सकाळी वाटायचा. चौदा वर्षांत त्याच्या आधी कोणी वाटेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि या पठ्ठ्यानं गुरुवारीच गाव उरकलं!

"मोबाईलवर पाठवलं असशील," नाना कसाबसा म्हणाला. "ते धरत नाहीत."

"पायी फिरलो. तीनशे दहा घरं."

ओसरीवर रुपचंद बसला होता. त्यानं भावाकडं बघितलंसुद्धा नाही. "जाऊ दे ना भटू, एक वरीसना तर सवाल शे," एवढंच पुटपुटला. नाना त्याच्या ओट्यावर थुंकला नाही, एवढंच केलं त्यानं.

शनिवारी सकाळी संघाचा कप्तान नवल नानाच्या दारात आला. हातात पिशवी, पिशवीत नऊ पिवळ्या जर्सी. धुतलेल्या, घड्या घातलेल्या.

"नाना, रागावू नका. सारा गावले आवतण शे, आई-बाबा म्हणतात जायचंच. उद्या दुसरी पोरं मिळाली तर त्यांच्या अंगावर घालता येतील म्हणून धुऊन आणल्या."

"दुसरी पोरं? झाडाला लागतात का रे दुसरी पोरं?"

"मी काय करू नाना?"

"तुला लाल पाहिजे ना? पिवळी नको ना?"

नानानं पिशवी हिसकावली आणि आत गेला. सुमनबाई, त्याची बायको, चुलीवर भाकरी टाकत होती. तिनं तोंड उघडायच्या आत नानानं तवा बाजूला ढकलला आणि नऊच्या नऊ जर्सी चुलीत कोंबल्या. कापड कुठलं ते? प्लास्टिकच. भुर्रकन पेटलं आणि वितळून चुलीच्या दगडावर ओघळलं. घरभर असा घाण वास सुटला की शेजारची भिकुबाई पदर नाकाला लावून बघायला आली. नवल दारात उभा राहून रडायला लागला. एकवीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा रडत रस्त्यानं निघून गेला.

सुमनबाईनं उलथन्यानं दगड खरवडायला घेतला. पिवळा थर निघेना. मग म्हणाली, "जाळी टाकं ना? थंडा व्हयनात ना? आते एक गोट आयका. आपला दारवर अक्षत पडनी नही."

"काय?"

"मी तीन दिवसांपासून उंबरा बघतेय. कुंदन समोरच्या घरी आला, भिकुबाईकडं आला. आपल्याकडं नाही आला."

नाना खाली बसला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उगवलं, ते सुमनबाईला मुळीच आवडलं नाही.

कुंदननं विचार केला असेल, काका तर वैरी, तो काय यायचा! शहरात राहून गावची रीत विसरला गडी. चूलबंद आवतणात भावकीतलं एक घर वगळलं, तर सगळ्या भावकीचा घास अडतो. वगळलेल्या घरानं आपली चूल उघड्यावर पेटवायची. तिचा धूर दिसला की भावकीतल्या माणसानं तोंडाशी नेलेला घासही ताटात ठेवायचा आणि पंगतीतून उठायचं. वीस वर्षांपूर्वी भिकनआबाच्या पोरीच्या लग्नात असंच झालं होतं. एक म्हातारी चुलती विसरली गेली, आणि भिकनआबाला डोक्यावरची टोपी हातात घेऊन तिच्या दारी जावं लागलं. भावकीत सगळ्यात वडील आज तोच.

आणि संघातल्या नऊ गड्यांतले आठ भावकीतले.

"असं करू नका," सुमनबाई म्हणाली. "लेकराचा पाहुणा येणार आहे. चार माणसांत शोभा होईल त्याची."

"माझी नाही झाली?"

"तुमचं ते मैदान काय, त्याचा तो हॉल काय! दोघं एकाच माळेचे मणी." एवढं बोलून ती पुन्हा दगड खरवडायला लागली.

रविवारी साडेतीनला नानानं गायरानातल्या मैदानाच्या कडेला तीन दगड मांडले, पऱ्हाट्यांचा भारा सोडला आणि काडी लावली. वरती ओलं गवत टाकलं, धूर व्हावा म्हणून. जाळात पाच-सहा वांगी ढकलली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं लग्नाचा हॉल. त्याच्या दारावर लाल कमान, आत लाल माणसं. ढोल वाजत होता.

धुळ्याचा संघ आलेला होता. त्यांचा प्रशिक्षक धनसिंग नानाचा जुना वैरी, दरवर्षी हरून जायचा. त्यानं मोकळं मैदान बघितलं, नानाच्या एकट्या चुलीकडं बघितलं. "काय नाना, या वर्षी वांगीच खेळवता का आमच्याशी?" त्याचे गडी फिदीफिदी हसले. पंचांनी घड्याळ बघितलं आणि वही उघडली.

"सव्वाचारपर्यंत थांबतो," पंच म्हणाले. "पंधरा मिनिटं जास्तीची देतोय, चौदा वर्षांकडं बघून. नंतर मी रेघ मारणार."

धूर आधी सरळ वर गेला. मग वारा फिरला आणि रस्ता ओलांडून हॉलच्या कमानीत शिरला. नाना बघत होता. गळ्यातली शिट्टी तोंडाशी नेत होता, परत सोडत होता. चौदा वर्षांत कुठल्याही सामन्याला त्याची अशी अवस्था झाली नव्हती.

चारला पाच कमी असताना ढोल थांबला.

कमानीतून आधी भिकनआबा बाहेर आला. लाल जर्सी धोतरावर घातलेली, हातात काठी. त्यानं धूर बघितला, धुरामागचा भटू बघितला, आणि मागं वळून मोठ्यानं ओरडला, "उठा रे! भटूना दारले आवतण नही!"

मग काय विचारता! पंगतीच्या पंगती उठल्या. वाढपी भरिताच्या बादल्या घेऊन जागच्या जागी थिजले. भावकीतली माणसं ताटं ओलांडून बाहेर यायला लागली. बायका आल्या, पोरं आली. रुपचंद मान खाली घालून आला. यजमान तोच, आणि त्यालाच आपल्याच पंगतीत घास वर्ज्य. मागून कॅमेरावाला धावत आला. त्याला काहीच कळत नव्हतं, पण त्यानं कॅमेरा बंद केला नाही.

आणि सगळ्यात शेवटी कुंदन. रागानं काळानिळा पडलेला.

"लाज वाटस का तुमले?" तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला. "दोन वर्षं! दोन वर्षं राबलो मी ह्या दिवसासाठी! काका नाही, वैरी आहात तुम्ही माझे!"

"तीनशे दहा घरं पायी फिरलास ना?" नाना ओरडला. "तीनशे अकरावं कोणाचं होतं रे?"

"तुम्ही आला असता?"

"नसतो आलो! पण अक्षत ठेवायची, मग मी नाही म्हणायचं. तो मान माझा. तू कोण माझं ठरवणारा?"

कुंदन धावून आला. रुपचंदनं त्याला मागून कवेत धरलं, नाहीतर त्या दिवशी पुतण्याचा हात चुलत्यावर पडलाच असता.

"दहा मिनिटं," पंच म्हणाले. "सात गडी, एका रंगात. आहेत का नाहीत?"

नानानं नवलकडं बघितलं. नवलनं बाकीच्यांकडं. आठही जण मैदानात येऊन उभे राहिले. नानाकडं सगळ्यांची पाठ. प्रेमानं आलेच नव्हते ते, रीतीनं आले होते.

"जर्सी द्या," नवल म्हणाला.

नानानं धुराकडं बघितलं.

"नाना, जर्सी?" नवलनं पुन्हा विचारलं, मुद्दाम मोठ्यानं. त्याला तर माहीतच होतं.

 रागाच्या भरात आपण काय करून बसलो, ते आता नानाच्या डोक्यात शिरलं. पंचांना तो म्हणाला, "साहेब, आज बनियनवर खेळू द्या."

"नियमांचं पुस्तक तुम्हीच मला पाठ म्हणून दाखवता, नाना."

"आमच्या जुन्या आहेत गाडीत," धनसिंग म्हणाला. "धुळ्याचं नाव आहे पाठीवर. चालेल का?"

पुन्हा हसू फुटलं. बापाच्या हातांत अडकलेला कुंदनही हसला. "कशाला जुन्या? अंगात आहेत की चांगल्या. सगळ्यांच्या एकाच रंगाच्या. होय ना पंच साहेब?"

पंचांनी आठही पोरांकडं नजर फिरवली. "लाल चालेल. नाना, बोला. सहा मिनिटं राहिली."

सगळं गाव नानाकडं बघत होतं. त्याला वाटलं, सरळ म्हणावं, मारा रेघ. जाऊ द्या नाव. पण वहीत 'आडखेडे' हे नाव मास्तरांच्या अक्षरातलं, त्यावर पंचांचं पेन टेकलेलं. 

"खेळा," तो म्हणाला.

आणि पोरं खेळली! अशी खेळली की नानानं चौदा वर्षांत बघितलं नव्हतं. चेंडू घडासारखा छातीशी धरून नवल धुळ्याच्या तिघांना अंगावर घेऊन गेला आणि रेषेपलीकडं टेकवला. पाच गुण! दुसऱ्यांदा टेकवला. मध्यंतरानंतर तिसऱ्यांदा. कॅमेरावाला रेषेवरून धावत होता. कुंदनला आता कोणी धरलं नव्हतं. त्यानं हॉलमधली सगळी गर्दी मैदानाच्या कडेला आणली होती, झेंडे आणले होते, आणि तो ओरडत होता, "पोर्ट हॅलम!" गाव त्याच्यामागं ओरडत होतं, "पोर्ट हॅलम!" भिकनआबासुद्धा. त्याला ते धड म्हणता येत नव्हतं, तरी तो काठी वर करून ओरडत होता.

"आडखेडं!" नाना ओरडला. एकदा, दोनदा. मग त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाहीये. मागं चुलीत वांगी जळून कोळसा झाली होती.

आडखेडं जिंकलं. पंचांनी तसं वहीत लिहिलं. यादीत नाव राहिलं.

पंधरवड्यानं ते चित्रण आलं. साडेतीन मिनिटांचं. त्यात सुरुवातीला धूर दिसतो, तो त्यांना फार आवडला म्हणे. मग लाल जर्सीतला म्हातारा काठी घेऊन येतो, त्याच्यामागं सगळं लाल गाव, आणि मग नवल. खाली लिहिलेलं, 'आमचा संघ, खान्देश.' बारा लाख लोकांनी बघितलं. नवलनं दिवसातून दहादा बघितलं. त्या क्लबानं पत्र पाठवलं की आता नुसती शाखा नको, तिथला संघही आमचाच. बूट देऊ, चेंडू देऊ, वर्षातून एकदा प्रशिक्षक पाठवू. साखळीत नाव बदलायचा अर्ज नवलनं कप्तान म्हणून स्वतः सही करून दिला. नऊपैकी नऊ जणांनी सह्या केल्या. नानाला विचारायचं कारण नव्हतं, तो कधी खेळलेलाच नव्हता.

मग एका गुरुवारी सकाळी नाना ओट्यावर दात घासत होता. समोरून कुंदन येताना दिसला. अंगात पांढरा सदरा, हातात अक्षतांचं ताट. बरोबर भिकनआबा, रुपचंद, भावकीतले आणखी चार-पाच जण. नवलही होता. कुंदन ना डावीकडच्या घरी थांबला, ना उजवीकडच्या. सरळ नानाच्या दारी आला आणि वाकून उंबऱ्यावर अक्षत ठेवली.

"पहिले तुमनाच दारले उनू, नाना," तो म्हणाला. आवाजात साखर, डोळ्यांत विस्तव. "रविवारी नव्या संघाच्या पाटीचं उद्घाटन आहे. चूलबंद. तीनशे अकरा घरं मोजून घेतलीत या वेळी."

नाना तोंडातली चूळ न टाकता बघत राहिला. मागं सगळी भावकी उभी. त्यांच्यादेखत अक्षत परत फिरवली, तर भावकीतून उठला असं होणार. आणि ही रीत सगळ्या गावाला शिकवली कोणी? त्यानंच, अजून महिनाही झाला नव्हता.

"मान तुमना शे," कुंदन म्हणाला. "नाही म्हणायचं असेल तर म्हणा."

नानानं चूळ टाकली. हात पुसला. पुढं केला. कुंदननं चिमूटभर अक्षता त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि ओट्यावर एक लाल जर्सी ठेवली. "हे घालून यायचं. सगळ्यांनाच सांगतोय." मग ताट सावरत तो भिकुबाईच्या दाराकडं वळला.

सुमनबाई आतून सगळं ऐकत होती. चुलीच्या दगडाला चिकटलेला पिवळा थर अजून पुरता निघाला नव्हता. हातातलं उलथनं तिनं खाली ठेवलं.

"काय करानं मंग रविवारले?" तिनं विचारलं. "चूल पेटाडू का?"

नाना तळहातावरच्या अक्षतांकडं बघत होता.

"आवतण शे ना," तो म्हणाला. "बंद ठेव."